मेंढपाळाचा हिशेब

माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्याकडे राहायला आला की तो आणि त्याचा लॅपटॉप, दोघांचीच दुनिया. मागच्या ईदनंतर असाच आला होता. इशाची नमाज आटोपून मी वह्या तपासत बसले होते आणि समोर बसून हा कुणाला तरी हुकूम सोडत होता. "तू डावीकडे थांब. तू पुढे हो. अरे, आडोशाला जा!" बोलतो तरी कुणाशी म्हणून डोकावले, तर पडद्यावर लढाई चालली होती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "खाला, तुम्ही खेळून बघा. तुम्हाला सोपे जाईल. तुम्ही तर रोज चाळीस पोरं सांभाळता."

त्याच्या या एका वाक्याने मी फसले. पुढचे तीन आठवडे वह्यांचा गठ्ठा उशिरा तपासला गेला, हे कबूल करते. शाळेत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "बाजी, आपण मुलांना अशा खेळांपासून दूर ठेवायचे, आणि तुम्हीच?" त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. हा खेळ शाळकरी मुलांसाठी नाही, आणि तो त्यांच्या हाती द्यावा असे मी म्हणणार नाही. पण त्या खेळाने मला एक प्रश्न विचारला. बी.एड.च्या वर्गात तो कुणी विचारला नव्हता, आणि अजूनही तो माझी पाठ सोडत नाही. म्हणून हा लेख.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने तो तयार केला. पहिला भाग २००७ साली आला, दुसरा २०१० साली, तिसरा २०१२ साली. पुढे २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र करून नव्याने काढले गेले. मी सांगते आहे ते मुख्यतः दुसऱ्या भागाबद्दल. काळ बाविसाव्या शतकाचा. माणसे दूरदूरच्या ग्रहांवर वस्ती करून राहिली आहेत आणि कुणी परके जीव त्या वस्त्याच्या वस्त्या उचलून नेत आहेत. त्यांचा तळ आकाशगंगेच्या गाभ्याजवळ, एका दरवाजापलीकडे. त्या दरवाजातून गेलेले जहाज परत आल्याचे कुणी पाहिलेले नाही. तिथे जाऊन तो तळ नष्ट करायचा. त्यासाठी निरनिराळ्या ग्रहांवरून माणसे आणि परग्रहवासी गोळा करायचे, त्यांची एक तुकडी बांधायची आणि तिचे नेतृत्व करायचे. नायकाचे नाव कमांडर शेपर्ड. शेपर्ड पुरुष असावा की बाई, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. मी अर्थातच बाई घेतली. हुकूम देणारी बाई आणि तो निमूटपणे ऐकणारी फौज, हे सुख घरात किंवा शाळेत कुठे मिळणार!

लढण्याची रीत थोडक्यात सांगते. एका वेळी फक्त दोघांनाच बरोबर नेता येते. एक कळ दाबली की डावीकडचा साथीदार सांगितलेल्या जागी जाऊन थांबतो, दुसरी दाबली की उजवीकडचा. शत्रूंचे संरक्षणही एकसारखे नसते. कुणाभोवती विजेचे कवच असते, कुणाच्या अंगावर जाड चिलखत, कुणाभोवती मनाच्या शक्तीने उभारलेला पडदा. कवच उतरवायला एक साथीदार लागतो, चिलखत जाळायला दुसरा, पडदा फोडायला तिसरा. म्हणून निघण्यापूर्वीच विचार करावा लागतो की आज समोर कोण असेल आणि कुणाला बरोबर घ्यावे. लढाईच्या ऐन मध्यात एक कळ दाबून धरली की काळ थांबतो. गोळ्या हवेत थिजतात, आणि कुणी कोणावर काय करायचे ते आपण शांतपणे ठरवू शकतो. वर्गात अशी एक कळ असती तर किती बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटले.

या व्यवस्थेत एक लबाडी आहे. साथीदार जखमी होऊन पडला तरी तो मरत नाही. आपण त्याला उठवू शकतो, आणि नाही उठवले तरी लढाई संपली की तो आपला आपण उभा राहतो. चुकीच्या जागी पाठवले, पडला, उठला. पुन्हा पाठवले, पुन्हा पडला; पुन्हा उठला. तीस-चाळीस तास असे खेळल्यावर हुकूम देणाऱ्याला एक घातक सवय लागते. आपल्या चुकीची किंमत काही नसते, असे त्याला वाटू लागते.

शेवटच्या मोहिमेत मात्र पडलेला उठत नाही.

त्या तळावर शिरताना पहिला पेच असा येतो. आतले एक दार उघडण्यासाठी कुणा एकाला तापलेल्या अरुंद नळातून एकटे पाठवायचे. त्याच्या वाटेतल्या झडपा आपण बाहेरून वेळेवर उघडायच्या. बाकीच्यांच्या दोन तुकड्या करायच्या, एकीचे नेतृत्व आपले, दुसरीचे नेतृत्व कुणावर सोपवायचे ते आपण ठरवायचे. नळात मी टालीला पाठवले. ती यंत्रांतली जाणकार, जहाजाच्या इंजिनावर काम करणारी. निवड बरोबर होती. दुसऱ्या तुकडीसाठी मी समाराचे नाव घेतले. समारा शेकडो वर्षांचे आयुष्य पाहिलेली, व्रतस्थ, अदबीने बोलणारी, तत्त्वासाठी जगणारी. मला ती पहिल्या भेटीपासून आवडली होती. गॅरसचे नाव माझ्या मनात आले होते, पण मी ते बाजूला सारले. त्याने पूर्वी स्वतःची एक तुकडी बांधली होती आणि एका साथीदाराच्या दग्यामुळे ती मारली गेली होती. ज्याने आपली माणसे गमावली त्याच्या हाती पुन्हा माणसे कशी द्यायची, असा माझा हिशेब.

झडपा मी वेळेवर उघडल्या. टालीने दार उघडले. दोन्ही तुकड्या आत आल्या. दार बंद होता होता बाहेरून मारा आला, तो टालीला लागला आणि ती तिथेच गेली.

मी भाच्याकडे पाहिले. "माझी निवड बरोबर होती ना? तीच यंत्रांतली जाणकार होती ना?" तो हसून म्हणाला, "खाला, टाली बरोबरच होती. समारा चुकली. ती एकटी लढणारी आहे, तिने तुकडी कधी चालवलेलीच नाही. तिथे गॅरस पाहिजे, नाहीतर जेकब, नाहीतर मिरांडा. नायक चुकला की नळातला मरतो." आणि मग अगदी सहज, "जुना सेव्ह उघडा. पाच मिनिटांचे काम आहे."

नायक चुकला की नळातला मरतो. ज्याने खेळ रचला त्याने हे मुद्दाम केले असणार. चुकीची निवड मी केली. चुकीच्या जागी उभी राहिली समारा. आम्ही दोघी जिवंत. जीव गेला तो आपले काम चोख करणाऱ्या तिसरीचा. पुढच्या पेचातही तेच. तिथे एकाने मनःशक्तीचे छत्र धरायचे असते आणि त्याच्या सावलीतून बाकीच्यांनी जायचे असते. मिरांडा आत्मविश्वासाने सांगते की हे काम अशी शक्ती असणारा कुणीही करू शकेल. तिच्यावर विसंबून तिलाच निवडले तर छत्र कमी पडते. पण ती स्वतः वाचते आणि छत्राखालचा दुसराच कुणी हकनाक जातो. अखेरीस दोघांना घेऊन शेपर्डला पुढे जायचे असते आणि उरलेल्यांनी मागचे दार राखायचे असते. साहजिकच आपण सगळ्यांत बळकट दोघे स्वतःबरोबर घेतो. आणि मग दाराशी दुबळे उरतात. त्यांत मॉर्डिन हा म्हातारा शास्त्रज्ञ असेल तर बहुधा पहिला जातो तो. त्याला आधीच, सुटका केलेल्या खलाशांना जहाजावर पोहोचवण्याच्या कामावर पाठवायला हवे होते. ग्रंटसारखा दांडगा गडी आपल्या संरक्षणासाठी न घेता दाराशी ठेवायला हवा होता. पुढाऱ्याने आपल्याभोवती बळकट माणसे जमवायची आणि कठीण जागी उरलेसुरले उभे करायचे, ही रीत आपण किती ठिकाणी पाहतो!

भाच्याच्या मोबाइलमध्ये यादी होती. कुणाला नळात, कुणाला छत्राला, कुणाला माघारी, कुणाला दाराशी. त्या यादीप्रमाणे खेळले की सगळे जिवंत परत येतात. त्याच्या खेळात एकही जीव गेलेला नव्हता. मी विचारले, "गॅरसच का?" तो म्हणाला, "यादीत आहे."

उत्तर बरोबर होते, पण ते मला पुरेना. कारण ही यादी नसती तर ते उत्तर मिळवण्याची दुसरी वाट खेळातच ठेवलेली होती. दोन मोहिमांच्या मध्ये जहाजावर फिरायचे आणि प्रत्येकाशी बोलायचे. कुणाला वडिलांचा शोध लागलेला नाही, कुणाची बहीण संकटात आहे, कुणावर त्याच्याच जमातीने गद्दारीचा खटला भरला आहे. मॉर्डिनला त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाट सोडल्याचे दुःख आहे. आपण त्यांचे काम आपले मानले, त्यांच्याबरोबर गेलो, तर त्यांचे मन निश्चिंत होते. आणि निश्चिंत मनाचा साथीदार शेवटच्या रात्री तग धरतो. एवढेच नव्हे, जहाजाला जाड चिलखत बसवा असे जेकब सुचवतो, संरक्षक कवच वाढवा असे टाली सांगते, नवी तोफ बसवा असे गॅरस सांगतो. पण हे सारे त्यांच्याजवळ जाऊन बोलले तरच. नाही ऐकले तर त्या दरवाजापलीकडे पहिल्याच माऱ्यात जहाजातली माणसे मरू लागतात. गॅरसशी मी तोफेपुरते बोलले होते. नंतर दोनदा गेले तर तो तोफांची जुळणी करण्यात गुंतलेला, म्हणून पुन्हा गेले नाही. तुकडी गमावल्याचे त्याच्या काळजात किती खोल गेले आहे आणि त्यातून तो काय शिकला आहे, हे मी जाणून घेतलेच नाही. समाराजवळ मात्र मी वारंवार जाऊन बसत होते, कारण तिचे बोलणे कानाला गोड वाटत होते.

इथे माझा प्रश्न सुरू होतो. साथीदाराचे ऐकून घेणे ही नीती आहे की डावपेच? खेळात तर तो उघडच डावपेच आहे. ऐकले की बक्षीस मिळते, साथीदाराला नवी शक्ती मिळते, शेवटी जीव वाचतो. मग मी टालीच्या खटल्यात तिच्या बाजूने उभी राहिले ती तिच्यासाठी, की इंजिनासाठी? उपयोगासाठी केलेली आस्था ही आस्था असते का?

उत्तर शोधताना मला पडद्यावरची टाली दिसेनाशी झाली आणि माझ्या वर्गातली एक मुलगी दिसू लागली. तिचे नाव घेत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या पाच मुलींचा गट केला होता. पाण्याची टाकी भरली की घंटा वाजावी, असे साधे उपकरण. गटप्रमुख मी निवडली ती अक्षर मोत्यासारखे, उच्चार शुद्ध, वर्गात शिरताच सर्वांआधी सलाम करणारी. जोडणीचे काम शेवटच्या बाकावरच्या एका अबोल मुलीकडे आले. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे समोर उभे, टाकी भरली, आणि घंटा वाजली नाही. तार सुटली होती. पाहुणे पुढे गेल्यावर मी त्या अबोल मुलीला सर्वांसमोर बोलले. जोडणी तुझी होती ना? तिने मान खाली घातली. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही.

महिनाभराने घरचा पंखा बिघडला म्हणून मी वाइंडिंगच्या एका दुकानात गेले, तर आत ती बसलेली. दुकान तिच्या अब्बांचे. हातात सोल्डरची सळई, समोर मोटर उघडलेली, आणि बोटे अशी चालत होती की माझ्या विज्ञानाच्या पदवीला लाज वाटावी. तिचे अब्बा चहा मागवत म्हणाले, "बाजी, ती घरी सांगत होती की नुसत्या चिकटपट्टीने तार टिकणार नाही, सोल्डर लागेल. पण म्हणाली, गटप्रमुख ऐकत नाही, आणि बाजींना कसे सांगायचे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागले.

नायक चुकीचा मी निवडला. किंमत नळातलीने दिली. दोन वर्षे ती माझ्या वर्गात होती आणि तिच्या घरी काय काम चालते हे मी एकदाही विचारले नव्हते.

बोलणी सर्वांसमोर खाल्ली म्हणून माफीही सर्वांसमोर मागायची, एवढे शहाणपण मला सुचले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितले की त्या दिवशीची चूक माझी होती, हिची नव्हती. ती म्हणाली, "कोई बात नहीं, बाजी." पण नंतर वर्षभर, कुठल्याही गटात, तिने स्वतःहून काही सुचवले नाही. इथे जुना सेव्ह नव्हता.

पुढच्या वर्षापासून मी प्रत्येक मुलीला घरच्या कामाबद्दल विचारू लागले. कोण शिवणकाम जाणते, कोण दुकानाचा हिशेब ठेवते, कोण आजीला औषधे देते. प्रदर्शनात आमचा नंबरही आला. आणि त्याच दिवशी मनात आले की मी हे विचारले ते या मुलींसाठी, की नंबरासाठी? म्हणजे खेळातला प्रश्न आधीपासून माझ्या घरात होता. खेळाने त्याला फक्त शब्द दिले.

या प्रश्नाचे उत्तर मला उहुदच्या लढाईत सापडले. प्रसंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी या प्रश्नाच्या बाजूने तो पुन्हा पाहावासा वाटतो. इ. स. ६२५. मक्केचे सैन्य चालून येत होते. मदीनेत राहूनच सामना करावा असे हुजूर (स.) यांचे स्वतःचे मत होते. बाहेर जाऊन लढावे असा तरुणांचा आग्रह होता. मशवरा झाला आणि बाहेर जाण्याचे ठरले. डोंगरावर ५० तिरंदाज बसवले आणि बजावले की काहीही झाले तरी जागा सोडू नका. विजय दिसू लागताच त्यांतले बहुतेक लुटीसाठी खाली उतरले, मोकळ्या जागेतून मागून घोडदळ आले, आणि सुमारे ७० जण शहीद झाले. हजरत हमजाही त्यांत होते. म्हणजे सल्ला ऐकला, बाहेर पडले, साथीदारांनी हुकूम मोडला आणि एवढी हानी झाली.

एखादा सेनापती यावर काय म्हणाला असता? यापुढे कुणाला विचारणे नाही. पण याच लढाईनंतर, सूरह आले-इम्रानमध्ये, शिकवण आली ती उलटी. साथीदारांशी नरमाईने वाग, त्यांना माफ कर, आणि कामात त्यांचा सल्ला घेत जा, असा तिचा आशय आहे. मला यातून एवढे कळते की मशवरा हा जिंकण्याचा डावपेच असता तर उहुदनंतर तो बंद पडला असता. हरल्यानंतरही तो चालू ठेवायला सांगितला, याचा अर्थ ऐकून घेतले जाणे हा साथीदाराचा हक्क आहे. त्याचा उपयोग झाला तर चांगलेच. नाही झाला तरी हक्क संपत नाही.

दोन वर्षांनी, ६२७ मध्ये, खंदकाच्या वेळी इराणहून आलेल्या सलमान फारसी यांनी शहराभोवती खंदक खोदण्याची कल्पना सांगितली आणि मदीना वाचली. उहुदनंतर विचारणे थांबले असते तर परदेशातून आलेल्या त्या माणसाला कुणी विचारले असते? पण हा फायदा नंतरचा. विचारण्याची रीत आधीची.

म्हणून आता मला वाटते, उपयोगासाठी ऐकणे आणि हक्क म्हणून ऐकणे यांतला फरक ऐकताना दिसत नाही. तो नंतर दिसतो. जिचा मला काही उपयोग नाही तिच्याजवळही मी बसते का? जिचा सल्ला मागच्या वेळी चुकला तिला पुन्हा विचारते का? पडद्यावरच्या टालीला माझ्या मनातला हेतू कळायचा नाही. योग्य वाक्य निवडले की तिचे समाधान. वर्गातल्या मुलींना मात्र तो कळतो. माझ्या माफीनंतर ती मुलगी गप्प राहिली, कारण तिला अजून खात्री वाटत नसावी.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. सगळ्यांचे ऐकले म्हणजे सगळे वाचतात, असेही नाही. या मालिकेच्या पहिल्या भागात व्हर्मायर नावाच्या ग्रहावर दोन साथीदार दोन ठिकाणी अडकतात, ॲशली आणि केडन. वेळ एकालाच वाचवण्यापुरता असतो. तिथे कुठलीही यादी चालत नाही, कितीही वेळा जुना सेव्ह उघडला तरी एक जण जातोच. भाच्याला तो प्रसंग आवडत नाही. तो म्हणतो, "यात खेळणाऱ्याची काय चूक?" चूक नाही हे खरे. पण चूक नसतानाही नाव आपलेच राहते. कुणाला सोडले ते आपल्याला ठाऊक असते आणि पुढच्या दोन्ही भागांत ते बरोबर येते.

शेपर्ड हे आडनाव १९६१ साली अवकाशात गेलेल्या पहिल्या अमेरिकी माणसाचे, ॲलन शेपर्ड यांचे. त्यांच्यावरूनच खेळातल्या नायकाला ते दिले आहे. पण उच्चारले की इंग्रजीत मेंढपाळालाही हाच शब्द वाटतो. हे लक्षात आल्यावर मी थोडी दचकले. प्रत्येक माणूस मेंढपाळ आहे आणि त्याला त्याच्या कळपाचा जाब विचारला जाईल, या आशयाची हदीस मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात सांगते. पाठ घेताना मुलींना विचारते, मेंढपाळाचे काम काय? त्या म्हणतात, लांडग्यापासून राखणे. यंदा एका मुलीने वेगळे उत्तर दिले. तिच्या नान्याकडे शेळ्या आहेत. ती म्हणाली, "बाजी, रात्री मोजायच्या. आणि कोण लंगडते ते बघायचे."

भाचा परत जाण्यापूर्वी म्हणाला, "खाला, अजून सेव्ह आहे. टालीला वाचवायचे का?" मी नको म्हटले. त्याला नवल वाटले. शेवटच्या दृश्यात जहाजात शवपेटी ठेवलेली दिसते आणि शेपर्ड तिच्याजवळ उभी राहते. माझ्या खेळात ती तशीच राहू दे.

यंदाच्या प्रदर्शनाचे गट अजून पाडायचे आहेत. गटप्रमुख कोण, हे मी ठरवलेले नाही. आधी प्रत्येकीजवळ बसायचे आहे, शेवटच्या बाकापासून सुरुवात करून.